पडून असलेल्या माणसाची भाकरी

"टीबी नाही. सीओपीडी आहे," छातीचे डॉक्टर म्हणाले, आणि मला आधी हायसं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण जे झालं तेच लिहायचं ठरवलंय. दोन महिने आम्ही टीबीच्या भीतीत होतो. थुंकीची तपासणी दोनदा झाली, दोन्ही वेळा निगेटिव्ह. शुगर बरोबर, थायरॉईड बरोबर. आणि तरी आत्याबाईंचं वजन उतरतच होतं.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. नात्याने आत्या नव्हेत, आमच्याकडे सासूला तसं म्हणतात. पावसाळ्यात न्यूमोनिया होऊन सहा दिवस दवाखान्यात होत्या. त्यानंतर त्यांना गावी, अंबड तालुक्यात, एकटं ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून जालन्याला मस्तगडातल्या आमच्या दोन खोल्यांत आणलं. माझे मिस्टर अंकुशनगरला साखर कारखान्यात फिटर आहेत. आठवड्यातून एक दिवस घरी येतात, तोही निम्मा झोपेत जातो. मी एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासणीच्या खोलीत काम करते. म्हणजे आत्याबाईंचं सगळं माझ्याकडेच आलं.

सीओपीडी म्हणजे क्रॉनिक ऑब्स्ट्रक्टिव्ह पल्मनरी डिसीज. श्वासाच्या नळ्या आतून सुजून अरुंद होतात आणि ओढलेली हवा नीट बाहेर पडत नाही. जुनी हवा आत अडकते, नव्या हवेला जागा राहत नाही. हा आजार जात नाही, सांभाळावा लागतो. स्पायरोमेट्री नावाची फुंकर मारायची तपासणी असते, तिच्यावरून तो कळतो. आत्याबाईंनी तीनदा फुंकर मारली आणि तिन्ही वेळा खुर्चीला धरून बसल्या.

डॉक्टरांनी विचारलं, "विडी, तंबाखू काही?"

उत्तर मीच दिलं. "नाही हो. आमच्या घरात तंबाखूला कोणी शिवत नाही."

"मग चूल," ते म्हणाले. पन्नास वर्षं कापसाच्या पऱ्हाट्या आणि गोवऱ्यांचा धूर. आत्याबाईंनी मान हलवली. चुलीबद्दल कोणी विचारेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

मग डॉक्टरांनी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं. छत्तीस किलो. मागच्या वर्षी चव्वेचाळीस होत्या. त्यांना बाहेर बाकावर बसवून डॉक्टर मला म्हणाले, "फुप्फुसांसाठी पंप देतो. पण मला जास्त काळजी वजनाची आहे. थंडीत पुन्हा इन्फेक्शन होणार हे धरून चला. तोपर्यंत अंगावर थोडं मांस चढलं नाही, तर झेलायला त्यांच्यात काही उरणार नाही. खाऊ घाला."

खाऊ घाला! पुढचे कित्येक दिवस हे दोनच शब्द माझ्या डोक्यात फिरत होते. मी सकाळी पाचला उठत होते. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, घट्ट वरण, भाजी, उकडलेलं अंडं, सगळं डब्यात भरून त्यांच्या खाटेजवळ ठेवायचे आणि साडेआठला कामावर जायचे. संध्याकाळी परत यायचे तर डबा चाटूनपुसून रिकामा असायचा. "जेवलात?" "जेवले ना माय." आणि रविवारी काटा पुन्हा पाव किलो खाली.

मध्येच माझी नणंद मीरा भेटायला आली. आईचा हात हातात घेऊन ती बराच वेळ बसली, मग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"वैनी, आईच्या हाडाला कातडं चिकटलंय. दुपारी काय ठिवून जातीस तिला?"

मी सगळं सांगितलं. अंड्यासकट.

"मंग जातंय कुठं ते?" ती म्हणाली.

ज्यांनी घरात म्हातारं माणूस सांभाळलंय त्यांना हा प्रश्न माहीत असेल. गावाकडे दोन दिवसांत पोचलं की सून नोकरी करते आणि म्हातारीला उपाशी ठेवते. मिस्टरांनी फोनवर विचारलं, "तू देतीस ना बराबर?" मी फोन ठेवून दिला आणि कणीक मळत बसले.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी आम्हाला डाएटिशियन मॅडमकडे पाठवलं. त्या पंधरा दिवसांतून एकदा संभाजीनगरहून जालन्याला येतात. तरुण आहेत, बोलतात हळू, पण एकही प्रश्न सोडत नाहीत. त्या म्हणाल्या, "आजींना किती खायला द्यायचं ते ठरवण्याआधी त्यांचं शरीर किती जाळतं ते बघू." मला वाटलं रक्त काढणार. त्यांनी पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं, माझ्या जेवणाच्या डब्याएवढं, नळीला जोडलेला मास्क असलेलं.

ह्या तपासणीला रेस्टिंग एनर्जी एक्स्पेंडिचर मोजणं म्हणतात. माणूस काहीही न करता, नुसता पडून असताना, त्याचं शरीर दिवसभरात किती ऊर्जा खर्च करील त्याचा आकडा. हृदय, श्वास, मेंदू, अंगाची ऊब, हे सगळं चालू ठेवायला लागते तेवढी. यंत्र श्वासातून मोजतं. माणसाने किती ऑक्सिजन वापरला त्यावरून आत किती जळलं ते निघतं. मोठ्या रुग्णालयात ह्यासाठी कपाटाएवढं मशीन असतं असं मॅडम म्हणाल्या. वय, उंची आणि वजन घालून सूत्रानेही आकडा काढता येतो, पण ते सूत्र धडधाकट माणसांवरून बांधलेलं. आजारी शरीर त्याचं ऐकेलच असं नाही.

तुमच्या घरी कोणाची ही तपासणी होणार असेल तर नियम नीट ऐकून घ्या. रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही नाही. सकाळचा चहा नाही. चालणं, चढणं, घाईगडबड नाही. तंबाखू अजिबात नाही. आमचा सकाळचा पंपही डॉक्टरांना विचारून तपासणीनंतर घ्यायचा ठरला, दम लागला तर मात्र थांबायचं नव्हतं. हे सगळं मी वहीच्या कागदावर उतरवून घेतलं. तंबाखूशी आल्यावर मॅडमनी मान वर केली. मी पुन्हा म्हणाले, "तो प्रश्नच नाही."

पहिल्या तपासणीला दवाखान्याची लिफ्ट बंद होती. दोन मजले. प्रत्येक वळणावर आत्याबाई कठड्याला टेकून थांबत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहत होते. वर गेल्यावर मॅडमनी त्यांना अर्धा तास पडवून ठेवलं. खोलीतला दिवा मालवला, पंखा हळू केला. मग मास्क लावला. "आजी, झोपायचं नाही, बोलायचं नाही, हलायचं नाही. नेहमीसारखा श्वास."

आकडा काही केल्या बसेना. वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. तेराशेच्या पुढे गेला तेव्हा मॅडमनी यंत्र तपासलं, मास्क घट्ट केला, आणखी दहा मिनिटं थांबल्या. शेवटी मास्क काढला आणि आतून पांढऱ्या कागदाने पुसला. कागदावर काळा डाग आला.

"आजी, हे काय आहे?"

"दात घासले की माय," आत्याबाई म्हणाल्या.

"कशाने?"

"मिश्रीनं."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. आमच्याकडच्या बायका ती सकाळी हिरड्यांना लावतात, कोणी दिवसातून चारदा लावतात. पुरुषाने तंबाखू मळली तर ते व्यसन. बाईची मिश्री म्हणजे दात घासणं. आमच्या मोरीत टूथपेस्टच्या शेजारी आत्याबाईंची मिश्रीची डबी असते. महिन्यातून एकदा तव्यावर ती भाजून देते कोण, तर मीच. खिडकी उघडी ठेवून, नाकाला पदर लावून. आणि तरी डॉक्टरांपुढे, मॅडमपुढे मी छातीठोकपणे नाही म्हणाले होते. खोटं बोलले नव्हते. मला खरंच आठवलं नाही.

आत्याबाईंनी घरून निघताना एकदा लावली होती आणि वर आल्यावर दवाखान्याच्या नळावर पुन्हा एकदा. "उपाशी पोटी मळमळ व्हतीय न्हाई तर," त्या म्हणाल्या. मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की तंबाखूतलं निकोटिन हृदयाला पळवतं, शरीर उगाच जास्त जाळतं, त्यामुळे आलेला आकडा कुचकामी. त्यात ते दोन जिने. "पंधरा दिवसांनी पुन्हा करू," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवस! त्यासाठी मी एक रजा घालवली होती. खाली उतरताना मला रडूही आलं आणि हसूही. आत्याबाई रिक्षात म्हणाल्या, "त्या पोरीला कसं कळलं गं?"

जाताना मॅडमनी एक काम दिलं होतं. तीन दिवस आजींचं खाणं लिहून ठेवायचं. "ताटात वाढलेलं लिहू नका," त्या म्हणाल्या, "पोटात गेलेलं लिहा." कामाचे दोन दिवस मी डब्यावरून लिहिले. दोन भाकऱ्या, वरण, अंडं. तिसरा दिवस रविवार होता. मी बाजारात जाणार म्हणून त्यांचं जेवण नेहमीसारखं डब्यातच ठेवलं होतं, पण जाणं राहिलं.

दुपारी एक वाजता मी आत कपडे वाळत घालत होते. बाहेरच्या खोलीत खुरांचा आवाज आला. जाऊन बघते तर शेजारच्या शबाना भाभींची बकरी आत्याबाईंच्या खाटेला टेकून उभी, मान पुढे, आणि डोळे थेट डब्यावर. आत्याबाई भिंतीकडे बघत होत्या. जणू ती बकरी त्यांच्या ओळखीचीच नव्हती.

मागोमाग शबाना भाभी आल्या. मला बघून थबकल्या. "अरे, ये तो रोज एक बजे आती ना. अम्मा बुलातीं इसको. तुमकू मालूम नै क्या?"

मला काही मालूम नव्हतं. मी डबा उघडला. भाकरीचा एक कोपरा मोडलेला होता, तेवढाच.

त्या दिवशी मी आत्याबाईंवर ओरडले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, इतकी कधीच ओरडले नव्हते. "मी पाचला उठून भाकरी थापते ती हिच्यासाठी का? सगळं गाव मला नावं ठेवतंय. मीरा येऊन मला बोलून गेली. तुम्ही ऐकत होतात ना खाटेवरून? मग तेव्हा का नाही सांगितलं?"

आत्याबाईंना दम लागला. एक शब्द, मग श्वास, मग पुढचा शब्द, असं त्या बोलल्या.

"ती गाभण हाय माय. पोटात दोन हाईत तिच्या. ती खाईल तर दूध दील. म्या खाऊन काय करू? दिवसभर पडून राह्यले. काम न्हाई तर भाकर कामून?"

त्यांचं माहेर मेंढ्यांमागचं. पोरवयात त्या कळपाबरोबर पायी हिंडल्या आहेत. चालणाऱ्याने आधी खायचं, गाभण जनावराने त्याच्याही आधी, आणि तळावर बसून राहिलेल्याने उरलं तर. पुढे सासरी शेती आली तरी हा हिशेब सुटला नाही. मी नवी नवरी होते तेव्हा दुपारी जरा भिंतीला टेकले की त्या म्हणायच्या, "बसून खाल्लं तर डोंगर पुरत न्हाई." मला तेव्हा तो टोमणा वाटायचा. आता खाटेवर पडून त्या तोच टोमणा स्वतःला मारत होत्या, रोज, दुपारी एक वाजता.

कीव वगैरे मला लगेच आली नाही. आधी राग होता, मग नुसता थकवा आला. मी खाली फरशीवर बसले. बकरी माझ्या पदराचा वास घेत होती. शबाना भाभींनी तिला कानाला धरून नेलं. त्या रात्री मी वहीत रविवारचं लिहिलं: दुपारी भाकरीचा कोपरा, चहा दोन वेळा, रात्री माझ्यासमोर अर्धी भाकरी आणि वरण. मग आधीचे दोन दिवस खोडले आणि तिथेही तेच लिहिलं.

दुसऱ्या तपासणीआधी आत्याबाईंनी तीन दिवस मिश्री सोडली. ते तीन दिवस घरात कोणी सुखात नव्हतं. त्या भांड्यांवर चिडल्या, पंख्यावर चिडल्या, माझ्या बांगड्यांच्या आवाजावर चिडल्या. ह्या खेपेला मी आधीच फोन करून ठेवला होता, त्यामुळे मॅडमनी तळमजल्यावरच एक खोली मिळवली. अर्धा तास विश्रांती, मग मास्क. पहिल्या काही मिनिटांचं मोजमाप मॅडम सोडून देतात. त्यानंतर आकडा हळूहळू स्थिर झाला आणि तिथेच राहिला.

अकराशे वीस कॅलरी. सूत्राप्रमाणे त्यांच्या वयाच्या आणि वजनाच्या बाईला पडल्या पडल्या साधारण साडेनऊशे लागायला हव्या होत्या. माझ्या वहीप्रमाणे पोटात जात होत्या सातशेसुद्धा नाहीत.

मॅडमनी मला सांगायला सुरुवात केली तर आत्याबाई मध्येच उठून बसल्या. "मला सांग," त्या म्हणाल्या. "मोजलं माझं ना?"

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. "आजी, तुम्ही आत्ता पडून होतात. तरी तुमचं शरीर काम करत होतं. तुमच्या नळ्या अरुंद झाल्यात ना, म्हणून प्रत्येक श्वास ओढायला छातीला जोर लावावा लागतो. आम्हाला श्वास फुकट पडतो. तुम्हाला तो मेहनत करून घ्यावा लागतो. दिवसभर, आणि झोपेतसुद्धा."

"म्हंजे म्या पडून असते तवाबी काम चालू असतं?"

"सुट्टीच नाही त्याला."

"आन् हे ह्या मशीनीत दिसतंय?"

"दिसतंय. हे बघा." मॅडमनी त्यांना आकडा दाखवला. आत्याबाईंना अक्षर येत नाही, पण त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे बघितलं.

मला माझी तपासणीची खोली आठवली. पोत्यातलं बी बघायला मेलेलं वाटतं. पण ते आतून श्वास घेत असतं, आतला साठा थोडा थोडा वापरत असतं. म्हणून तर आम्ही गोदामाची ओल आणि उष्णता रोज मोजतो. साठा संपलेलं बी वरून तसंच दिसतं, फक्त पेरल्यावर उगवत नाही. पंधरा वर्षं मी हे काम करतेय आणि घरातल्या खाटेकडे बघून हे एकदाही सुचलं नाही.

"मंग ह्या कामाची मजुरी?" आत्याबाईंनी विचारलं. त्या थट्टा करत नव्हत्या.

मॅडमही हसल्या नाहीत. "दुपारची भाकरी," त्या म्हणाल्या. "तूप लावून. ती बकरीची नाही, तुमची."

घरी आल्यावर आत्याबाईंनी भाकरी कुस्करून वरणात कालवली आणि निम्मी खाल्ली. खाताना तीनदा थांबल्या.

त्या दिवसानंतर सगळं सुरळीत झालं असं मी सांगणार नाही. भरल्या पोटाने त्यांना श्वास पुरत नाही, म्हणून मॅडमनी दिवसातून सहा वेळा थोडं थोडं द्यायला सांगितलं. शेंगदाण्याचा कूट, गूळ, तूप, अंडं, दूध. आधी पंप, मग थोडा आराम, मग घास. मी सहा वाट्या भरून ठेवून कामावर जायचे आणि शबाना भाभी अकराला आणि चारला डोकावून जायच्या. पहिल्या महिन्यात काटा हललाच नाही. पण खालीही गेला नाही, आणि डॉक्टर म्हणाले की हेही कमी नाही. मिश्री पूर्ण सुटली नव्हती. एकदा मला उशीखाली चिमूटभर पुडी सापडली. मी ती मोरीत टाकली आणि दोघींनीही त्याचा विषय काढला नाही.

थंडीत ताप आलाच. पाच दिवस अँटिबायोटिक, वाफ, आणि मी खाटेशेजारी बसून त्यांचे श्वास मोजत होते. ह्या खेपेला दवाखान्यात भरती करावं लागलं नाही. संक्रांतीनंतर वजन केलं तर साडेसदतीस भरलं. त्या पहिल्या छत्तिसावर दीड किलो. एवढ्याशा वजनाला सहा महिने आणि माझ्या सगळ्या रजा लागल्या. पण डॉक्टरांनी त्या आकड्याखाली दोनदा रेघ ओढली. बकरी व्याली, तिला खरोखरच दोन पिल्लं झाली. शबाना भाभी अधूनमधून पेलाभर दूध आणून देतात. आत्याबाई ते हक्काने पितात.

तुमच्या घरात कोणी असं खाटेवर पडलेलं असेल आणि रिकामा डबा बघून तुम्ही निर्धास्त होत असाल, तर एकदा त्यांच्याजवळ बसून त्यांना जेवताना बघा. दवाखान्यात विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याआधी मोरीतल्या डब्या आठवा. आणि ते यंत्र तुमच्या गावात येत नसेल तरी हरकत नाही. पडलेल्या माणसालाही भाकरी लागते, कधी कधी चालणाऱ्यापेक्षा जास्त लागते, एवढं त्याला कोणीतरी पटवून द्यायला हवं. माझं सांगणं आत्याबाईंना पटलं नव्हतं. मॅडमचं पटलं. त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही.

मागच्या रविवारची गोष्ट सांगते आणि थांबते. धुणं, दळण, सहा वाट्या, आठवड्याची भाजी, सगळं उरकता उरकता दोन वाजले. जेवायचं राहून गेलं होतं, पण ताट घ्यायचं त्राण नव्हतं. मी चटईवर आडवी झाले आणि डोळे मिटले. तेवढ्यात मीराचा फोन आला. फोन कानाला धरला की आत्याबाईंना दम लागतो, म्हणून त्या स्पीकरवर बोलतात.

"वैनी काय करून राह्यली?" मीराने विचारलं.

"पडली हाय."

"भर दुपारी? मजा हाय बाई तिची."

मी डोळे मिटूनच होते. ह्यावर आत्याबाई काय म्हणतील ते मला एकोणीस वर्षांपासून पाठ होतं. त्यांनी एक श्वास घेतला, मग दुसरा.

"पडली म्हंजे रिकामी न्हाई ती," त्या म्हणाल्या. "आत काम चालूच असतं माणसाचं. तुला न्हाई कळायचं. मशीनीत दिसतंय ते."

फोन बंद झाला. खाट करकरली. त्या उठल्या, भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या. पाच पावलं आहेत, त्यात दोनदा थांबल्या. मी उठून हात द्यायला हवा होता, पण मी उठले नाही. माझ्या उशाशी ताटली ठेवल्याचा आवाज आला, आणि तुपाचा वास.

"ऊठ माय," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुझी भाकर ठिवली हाय. खा, मंग पड."